नेमोच्या भिंतीवरची चित्रे : ‘ट्वेंटी थाउजंड लीग्ज’चे पस्तीस वर्षांनंतरचे वाचन

ज्यूल व्हर्नची ‘ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सीज’ ही कादंबरी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो आणि समुद्र पाहिलेला नव्हता. मे महिन्याची सुट्टी होती, ग्वाल्हेरच्या लष्कर भागातले आमचे जुने घर दुपारी भट्टीसारखे तापत असे, आणि काकांनी रेल्वे स्टेशनवरच्या स्टॉलवरून आणलेले ते सव्वाशे पानांचे हिंदी पुस्तक घेऊन मी तळघरात जाऊन बसत असे. मुखपृष्ठावर ‘किशोरांसाठी संक्षिप्त’ अशा अर्थाचे शब्द बारीक अक्षरांत छापलेले होते; त्या वयात अशा अक्षरांकडे लक्ष जात नाही. त्या एका उन्हाळ्यात मी ते पुस्तक चार वेळा वाचले. ‘नॉटिलस’ ही पाणबुडी ७० मीटर लांब आणि ८ मीटर रुंद आहे असे त्यात दिले होते, म्हणून धाकट्या आतेभावाला बरोबर घेऊन मी सुतळीने आमच्या दारापासून ७० मीटर मोजले. दुसरे टोक पिठाच्या गिरणीच्याही पुढे गेले, आणि आमची गल्ली ८ मीटर रुंद नाही हेही त्याच दिवशी कळले. त्यानंतर कित्येक दिवस त्या गल्लीतून जाताना मी मनातल्या मनात पाणबुडीच्या आतून चालत असे : येथे ग्रंथालय, येथे दिवाणखाना, गिरणीपाशी यंत्रशाळा.

गेल्या हिवाळ्यात तीच कादंबरी मी प्रथमच पूर्ण वाचली. विल्यम बुचर यांनी केलेले आणि १९९८ मध्ये ऑक्सफर्डच्या अभिजात साहित्याच्या मालेत प्रसिद्ध झालेले इंग्रजी भाषांतर त्यासाठी निवडले. रोज रात्री जेवणानंतर एक-दोन प्रकरणे, अशा गतीने सहा आठवडे लागले. लहानपणी मी वाचली होती ती एका यंत्राची गोष्ट होती. पूर्ण पुस्तकात ते यंत्र आहेच, परंतु ज्या दुःखापायी ते बांधले गेले ते दुःखही आहे, आणि संक्षेप करणाऱ्याने नेमके तेच काढून टाकले होते. काही गोष्टी मात्र त्याने काढल्या नव्हत्या. त्या माझ्याच नजरेतून निसटल्या होत्या. हे परीक्षण या दोन्ही प्रकारच्या गळतीविषयी आहे.

ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात सांगतो. १८६६ मध्ये निरनिराळ्या समुद्रांत एक प्रचंड, प्रकाशमान आणि अतिशय वेगवान वस्तू जहाजांना दिसू लागते. तिचा माग काढण्यासाठी ‘अब्राहम लिंकन’ ही अमेरिकन युद्धनौका निघते. तिच्यावर पॅरिसच्या संग्रहालयातील प्राध्यापक पिएर आरोनाक्स, त्यांचा नोकर काँसेय आणि देवमाशांवर हार्पून फेकण्यात तरबेज असलेला कॅनडाचा नेड लँड हे तिघे असतात. नोव्हेंबर १८६७ मध्ये जपानजवळच्या समुद्रात हे तिघे पाण्यात पडतात आणि त्या ‘प्राण्या’च्या पाठीवर जाऊन पोहोचतात, तेव्हा ती पाठ पोलादाची असल्याचे त्यांना कळते. पाणबुडीचा कप्तान त्यांना जीवदान देतो, पण परत जाण्याची मुभा देत नाही. तो आपले नाव नेमो सांगतो. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘कोणीही नाही’ असा होतो. पुढच्या सात महिन्यांत प्रशांत महासागरापासून दक्षिण ध्रुवापर्यंत आणि तेथून नॉर्वेच्या किनाऱ्यापर्यंत जो प्रवास घडतो, त्याचे हे आरोनाक्सने लिहिलेले वृत्त आहे. शीर्षकातील वीस हजार लीग हे कापलेले अंतर आहे, खोली नव्हे. एक लीग ४ किलोमीटरची धरली तर ते ८०,००० किलोमीटर होते, म्हणजे पृथ्वीला दोन प्रदक्षिणा. चौदाव्या वर्षी मला ती खोलीच वाटली होती, आणि पृथ्वीचा व्यास पावणेतेरा हजार किलोमीटरहूनही थोडा कमी असल्याचे भूगोलात पाठ केलेले असूनही शंका आली नव्हती.

प्रथम यंत्राविषयी, कारण त्याच्यावरचे माझे प्रेम कमी झालेले नाही. व्हर्नने पाणबुडीचा शोध लावला असे सरसकट म्हटले जाते, ते खरे नाही. रॉबर्ट फुल्टनने १८०० मध्येच ‘नॉटिलस’ नावाची पाणबुडी पाण्यात उतरवली होती. फ्रेंच आरमाराची ‘प्लाँजर’ १८६३ मध्ये तयार झाली होती आणि तिची प्रतिकृती व्हर्नने १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात पाहिली होती. व्हर्नने जे केले ते वेगळे आणि माझ्या मते अधिक अवघड होते : त्याने पाणबुडीत घर वसवले. १२,००० ग्रंथांचे ग्रंथालय, चित्रे, शिंपल्यांचा संग्रह, ऑर्गन, आणि पोलादी झडपा सरकल्या की समुद्र दाखवणाऱ्या काचेच्या विशाल खिडक्या. हे घर कोणत्या बळावर चालते याचा हिशेबही तो देतो. समुद्राच्या पाण्यातून सोडियम वेगळे काढायचे, ते पाऱ्यात मिसळून विद्युतघटात जस्ताच्या जागी वापरायचे आणि त्या विजेवर सगळे यंत्र चालवायचे, अशी ही योजना आहे. लहानपणी मला हे जादूसारखे वाटले होते. आता लक्षात आले की सोडियम वेगळे काढायला जी उष्णता लागते ती नेमो एका मृत ज्वालामुखीच्या पोटातील समुद्राखालच्या खाणीतून कोळसा काढून मिळवतो. जमिनीशी सगळे नाते तोडलेला हा माणूस अखेर कोळशावरच चालतो, आणि व्हर्न ते लपवत नाही.

चुकाही आहेत. अटलांटिकच्या दक्षिण भागात ‘नॉटिलस’ १६,००० मीटर खोल जाते, आणि पृथ्वीवरचा सर्वांत खोल समुद्र ११ किलोमीटरांच्याही आतच आहे. दक्षिण ध्रुवावर ती बर्फाखालून पोहोचते व मोकळ्या समुद्रात वर येते, कारण तेथे बर्फाने झाकलेले अखंड खंड पसरलेले आहे हे त्या काळी कोणाला माहीत नव्हते. माणूस त्या ध्रुवावर खरोखर पोहोचला तो १९११ मध्ये. या चुकांनी माझा रसभंग झाला नाही. ज्या काळात सुएझचा कालवा अजून पुरा व्हायचा होता, त्या काळात एका लेखकाने उपलब्ध माहितीच्या टोकापर्यंत जाऊन पुढचे पाऊल कल्पनेने टाकले, आणि त्याचे पाऊल कुठे घसरले हे आज आपल्याला दिसते इतकेच.

माशांच्या याद्यांविषयी थोडे अधिक लिहिणे भाग आहे, कारण पूर्ण आवृत्ती हाती घेणारा वाचक पहिल्यांदा तेथेच थकतो. खिडकीबाहेर मासे दिसू लागले की आरोनाक्स पानेच्या पाने त्यांची नावे, कुळे, रंग आणि कल्ल्यांची रचना सांगत सुटतो. माझ्या किशोर आवृत्तीत यांतले एकही पान नव्हते आणि त्याबद्दल मी संक्षेपकाराला दोष देणार नाही. परंतु या याद्यांमध्ये एक सुंदर योजना दडलेली आहे, ती याद्यांसोबतच गेली. काँसेयला प्राणिशास्त्राचे सगळे वर्ग, गण, कुळे आणि जाती मुखोद्गत आहेत, पण समोरचा मासा कोणता हे तो ओळखू शकत नाही. नेड लँडला प्रत्येक मासा नावाने आणि चवीने ओळखता येतो, पण वर्गीकरण म्हणजे काय हे ठाऊक नाही. दोघे मिळून एक निसर्गशास्त्रज्ञ होतो, असे आरोनाक्स म्हणतो. समुद्र न पाहिलेल्या गावात वाढलेल्या आणि पुस्तकातूनच समुद्र ओळखणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला हे प्रकरण वाचताना आपण कोणत्या बाजूचे आहोत हे चटकन कळले. काँसेयची आणखी एक लकब येथे सांगण्यासारखी आहे. तो आपल्या मालकाशी कधीही थेट बोलत नाही. ‘साहेबांची इच्छा असेल तर’ असेच बोलतो. इंग्रजीत ही लकब कृत्रिम वाटते, पण दरबारी रीतिरिवाज पाहिलेल्या मराठी कानाला ती परिचयाची वाटते. या कादंबरीचे पूर्ण मराठी भाषांतर कोणी हाती घेतलेच, तर काँसेयचे बोलणे मुळाइतके सहज उतरेल. व्हर्नला मराठी मुलांपर्यंत नेण्याचे काम भा. रा. भागवतांनी मोठ्या प्रेमाने केले. मोठ्यांसाठीचा व्हर्न मात्र मी इंग्रजीतूनच वाचला, आणि काँसेयच्या तोंडचे प्रत्येक वाक्य मनात मराठी करून घेतले.

आता भिंतीवरच्या चित्रांकडे येतो. दुसऱ्या भागात ‘नॉटिलस’ स्पेनच्या व्हिगो उपसागरात आलेली असते आणि नेड लँडने त्या रात्री पळून जाण्याचा बेत पक्का केलेला असतो. ठरलेल्या वेळेची वाट पाहत बेचैन झालेला आरोनाक्स नेमोच्या रिकाम्या खोलीत शिरतो, आणि तेथील भिंतीवर काही चित्रे असल्याचे त्याला दिसते. पहिल्या भेटीत आपले त्यांच्याकडे लक्ष गेले नव्हते, असे तो नमूद करतो. पोलंडचा कोश्चुश्को, ग्रीसचा बोत्सारिस, आयर्लंडचा ओकॉनेल, वॉशिंग्टन, व्हेनिसचा मानिन, लिंकन, आणि फासावर लटकणारा जॉन ब्राउन. ज्यांनी आपला देश किंवा गुलामगिरीत पिचलेली माणसे सोडवण्यासाठी आयुष्य वेचले त्यांची ही रांग आहे. हे वाक्य वाचून मी पुस्तक खाली ठेवले. पहिल्या भेटीत माझेही लक्ष गेले नव्हते; माझ्या बाबतीत तर ती भिंतच पुस्तकातून काढून घेतलेली होती.

एकदा ही चित्रे दिसली की मागची प्रकरणे वेगळी वाचावी लागतात. भूमध्य समुद्रात एक पाणबुड्या खिडकीशी येतो, नेमो त्याला खूण करतो, आणि नंतर सोन्याच्या विटांनी भरलेली पेटी किनाऱ्याकडे रवाना होते. त्या काळात क्रीट बेटावरचे लोक तुर्की सत्तेविरुद्ध लढत होते. ते सोने त्यांच्यासाठी आहे. हा प्रसंग माझ्या लहानपणच्या पुस्तकात असता, तरी मला ती खजिन्याची गोष्ट वाटली असती, हेही मान्य केले पाहिजे.

सर्वांत मोठी गळती मात्र श्रीलंकेजवळच्या प्रकरणात झाली होती. हिंदी महासागराच्या प्रवासात आधी बंगालच्या उपसागरात गंगेने वाहून आणलेली प्रेते पाण्यावर तरंगताना दिसतात. त्यानंतर मन्नारच्या आखातात नेमो आपल्या पाहुण्यांना मोत्यांचे शिंपले दाखवायला समुद्रतळावर घेऊन जातो. तेथे एक गरीब हिंदी पाणबुड्या एकटाच, कोणत्याही साधनाविना, पायांत दगड धरून खाली येतो, हाताला लागतील तेवढे शिंपले खुडतो आणि श्वास संपला की वर जातो. शार्क त्याच्यावर झेपावतो, नेमो कट्यार घेऊन मध्ये पडतो, आणि नेमोचाच जीव जाण्याची वेळ येते तेव्हा नेड लँडचा हार्पून शार्कच्या काळजात घुसतो. शार्कशी झालेली ही झुंज माझ्या किशोर आवृत्तीत पुरी चार पाने होती आणि सोबत चित्रही होते. त्यानंतरचे मात्र सगळे गाळलेले होते. नेमो त्या बेशुद्ध माणसाला होडीत आणून शुद्धीवर आणतो, आपल्या खिशातून मोत्यांची पिशवी काढून त्याच्या हातात ठेवतो, आणि पाणबुडीवर परतल्यावर आरोनाक्सने कारण विचारले असता सांगतो की तो हिंदी माणूस पीडितांच्या देशाचा रहिवासी आहे, आणि अखेरच्या श्वासापर्यंत मीही त्याच देशाचा आहे. संपूर्ण कादंबरीत नेमो स्वतःविषयी इतके उघडपणे क्वचितच बोलतो, आणि बोलतो तेव्हा निमित्त एका भारतीय मजुराचे असते. शार्क ठेवून हे वाक्य कापणाऱ्याने मुलांना काय आवडेल याचा अंदाज बरोबर केला होता. तरीही चौदा वर्षांच्या मला ते वाक्य समजले असते असे मला वाटते. ज्या गावात शाळेच्या सहलीत राणीची समाधी दाखवतात, त्या गावातल्या मुलाला पीडितांचा देश म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही.

नेमो कोणत्या देशाचा हे कादंबरी सांगत नाही, आणि त्यामागचा इतिहास माहीत असणे उपयोगाचे आहे. व्हर्नच्या मनातला नेमो पोलिश होता. १८६३ च्या पोलंडमधील उठावात रशियनांनी त्याचे कुटुंब मारलेले होते आणि शेवटी तो बुडवतो ते जहाज रशियाचे होते. प्रकाशक एत्झेल यांना हे मान्य नव्हते. दोघांत दीर्घ वाद झाला आणि त्यातून जे उरले ते हे मौन : नेमोला देश नाही, शत्रूच्या जहाजाला निशाण नाही. भिंतीवरच्या रांगेत कोश्चुश्को पहिला आहे, हा त्या पुसलेल्या हेतूचा उरलेला ठसा असावा असे मला वाटते. पुढे १८७४-७५ मध्ये आलेल्या ‘मिस्टीरियस आयलंड’ या कादंबरीत व्हर्नने उत्तर दिले, आणि ते आमच्या अंगणात येऊन पडले. नेमो म्हणजे बुंदेलखंडच्या राजाचा मुलगा दक्कार. युरोपात शिकलेला, १८४९ मध्ये मायदेशी परतलेला, १८५७ च्या लढ्यात उतरून अनेक जखमा झेललेला, बायको आणि दोन मुले गमावलेला, आणि अखेर मूठभर सोबत्यांसह समुद्राखाली निघून गेलेला.

बुंदेलखंड आमच्यासाठी पुस्तकातला प्रदेश नाही. झाशी येथून शंभर किलोमीटरवर आहे, आईचे माहेर तेथले, आणि तिच्या माहेरी मराठी बोलता बोलता दारावरच्या भाजीवाल्याशी बुंदेली सुरू होत असे. त्यामुळे हे प्रथम कळले तेव्हा मला झालेला आनंद मी लपवणार नाही : तळघरात बसून ज्याच्या पाणबुडीतून मी फिरलो तो कप्तान शेजारच्याच मातीतला निघाला. परंतु परीक्षण लिहिताना आनंदावर थांबता येत नाही. ‘मिस्टीरियस आयलंड’मधला दक्कार टिपू सुलतानाचा भाचा किंवा पुतण्या सांगितला आहे, म्हैसूरच्या सुलतानाचे हे नाते बुंदेलखंडच्या राजवाड्यापर्यंत कसे पोहोचले याचा खुलासा नाही, आणि १८४९ च्या बुंदेलखंडात एक राजा नव्हता, अनेक लहानमोठी संस्थाने होती. काळाचाही मेळ बसत नाही. पहिल्या कादंबरीत नेमोच्या ग्रंथालयात १८६५ मध्ये प्रसिद्ध झालेला ग्रंथ आहे आणि जून १८६८ मध्ये तो अटलांटिकमध्ये फिरतो आहे. दुसऱ्या कादंबरीत तो म्हातारा होऊन कित्येक वर्षे एका बेटाखाली एकटा राहतो आणि त्याच १८६८ च्या शरदात मरण पावतो. या विसंगती मी सहज सोडून देईन. मला खटकते ते निराळेच आहे. मरणशय्येवरचा नेमो आपली कहाणी सांगतो, तेव्हा त्या बेटावर अडकलेला अमेरिकन इंजिनिअर सायरस स्मिथ त्याला सुनावतो की भूतकाळ परत आणता येईल असे मानणे आणि अटळ प्रगतीशी झगडणे ही तुमची चूक झाली. म्हणजे पोलंड असता तर जो न्याय्य संताप ठरला असता, तो हिंदुस्थान म्हणताच चूक ठरतो. १८८० च्या ‘स्टीम हाउस’मध्ये तर नानासाहेब पेशवे हे सूडाने पेटलेले खलपात्रच आहेत. म्हणून माझे मत असे झाले आहे की दक्कारची वंशावळ जाणून घ्यावी आणि बाजूला ठेवावी. ‘ट्वेंटी थाउजंड लीग्ज’मधला देश न सांगणारा नेमो अधिक मोठा आहे, त्याला कोणी उपदेश करू शकत नाही, आणि मन्नारच्या आखातातले ते एक वाक्य तो कोणाच्याही वतीने बोलू शकतो.

तरीही एक जुळणी मनातून जात नाही. कादंबरीत १ जून १८६८ रोजी ‘नॉटिलस’ अटलांटिकमध्ये एका बुडालेल्या फ्रेंच युद्धनौकेच्या अवशेषांवर येऊन थांबते. ही तारीख व्हर्नने का निवडली हे तेथेच सांगितले आहे : ‘व्हेंजर’ हे ते जहाज बरोबर ७४ वर्षांपूर्वी, १ जून १७९४ रोजी, व्हर्नच्या सांगण्याप्रमाणे शरण न जाता, बुडाले होते. त्याच वेळी निशाण नसलेली युद्धनौका क्षितिजावर दिसते, आणि दुसऱ्या दिवशी नेमो तिला मधोमध भेदून आरपार जातो. आता ग्वाल्हेरचा इतिहास पाहावा. १ जून १८५८ रोजी मुरारजवळ शिंद्यांची फौज तात्या टोपे, रावसाहेब आणि राणी लक्ष्मीबाई यांना जाऊन मिळाली, महाराज जयाजीराव आग्र्याला गेले आणि शहर बंडवाल्यांच्या हाती आले. तो महिना संपण्याआधी राणी येथेच लढता लढता पडली आणि किल्ला इंग्रजांनी घेतला. व्हर्नच्या मनात यातले काहीही नव्हते, तो पोलंडचा विचार करत होता. पण फुलबागेजवळच्या समाधीवरून वर्षानुवर्षे ये-जा केलेला वाचक ही दहा वर्षे मोजल्याशिवाय राहू शकत नाही. जहाज बुडाल्यावर नेमो आपल्या खोलीत जातो आणि एक स्त्री व दोन मुले यांच्या चित्रापुढे गुडघे टेकून हुंदके देतो. हे चित्रही माझ्या किशोर आवृत्तीत नव्हते. त्यामुळे तेथे नेमो शेवटी अचानक क्रूर होतो, आणि का होतो हे त्या उन्हाळ्यात चार वेळा वाचूनही मला कळले नव्हते.

संक्षेपकाराने न कापलेली, तरीही मला न दिसलेली गोष्ट म्हणजे नेड लँड. चौदाव्या वर्षी मला त्याचा राग येत असे. एवढे अद्भुत जग समोर असताना हा माणूस सतत मांस मागतो, किनारा कधी दिसेल विचारतो आणि पळून जाण्याचे बेत करतो. याला खाली उतरवून मला का घेत नाहीत, असे मला वाटे. आज तो या पुस्तकातला सर्वांत शहाणा माणूस वाटतो. ही कैद आहे हे सात महिन्यांत एक दिवसही न विसरणारा तो एकटाच आहे. आरोनाक्स मात्र विसरतो. त्याला ग्रंथालय मिळालेले आहे, खिडकी मिळालेली आहे, आणि त्याने स्वतः लिहिलेला समुद्रतळावरचा ग्रंथ नेमोच्या कपाटात आहे, हे पाहून तो सुखावलेला आहे. पळून जाण्याची वेळ आली की त्याला अपुरे राहिलेले निरीक्षण आठवते, आणि आपल्याबरोबर आणखी दोन माणसे अडकलेली आहेत याची जाणीव त्याला उशिरा होते. आमच्या घरातल्या तीन पिढ्या दरबारच्या आणि नंतर सरकारच्या नोकरीत गेल्या, सत्तावन्न सालाविषयी बोलताना घरात आवाज आपोआप खाली येत असे. म्हणून आरोनाक्सचा हा दुबळेपणा मला परका वाटला नाही, आणि व्हर्नने तो त्याच्याच लेखणीतून, त्याला न कळेल अशा रीतीने उघड केला आहे याचे मला फार मोल वाटले. दक्षिण ध्रुवाहून परतताना पाणबुडी बर्फात कोंडली जाते आणि हवा संपत येते, तेव्हा काँसेय आणि नेड श्वसनयंत्रात उरलेली शेवटची हवा स्वतः न घेता आरोनाक्सला देतात. लहानपणी या प्रकरणात मी फक्त बर्फ किती उरला हे मोजत होतो.

सगळेच पुस्तक काळाच्या कसोटीवर उतरते असे नाही. टॉरेसच्या सामुद्रधुनीत पाणबुडी खडकावर अडकते तेव्हा तेथील पापुआ लोकांचे वर्णन ‘रानटी’ या एका शब्दापलीकडे जात नाही, आणि जिन्याच्या कठड्यात वीज सोडून त्यांना पळवून लावण्याचा प्रसंग गमतीचा म्हणून लिहिलेला आहे. पीडितांचा कैवारी म्हणवणाऱ्या नेमोला त्यांच्यात पीडित दिसत नाहीत, ही विसंगती व्हर्नला जाणवली असल्याची खूण मला सापडली नाही. दुसरा प्रसंग देवमाशांचा. निरुपद्रवी देवमाशांची शिकार करू देण्यास नेमो नेडला ठाम नकार देतो, अशाने ही जात नष्ट होईल असे सांगतो, आणि हे १८७० च्या सुमाराच्या पुस्तकात वाचून मन थक्क होते. मात्र लगेच तो कॅशलॉट जातीच्या देवमाशांचा कळप दुष्ट ठरवून पाणबुडीच्या सुळक्याने कापून काढतो. समुद्र रक्ताने लाल होतो. नेडसुद्धा त्याला खाटीकखाना म्हणतो. चांगले कोण आणि वाईट कोण हे एकट्याने ठरवणारा माणूस पुढे जहाजाचे काय करील, याची सूचना येथे मिळते, म्हणून हे प्रकरण वाचायला नकोसे वाटले तरी मी ते कोणाला गाळू देणार नाही.

आवृत्ती निवडताना सावध राहावे. इंग्रजीत सर्वांत अधिक पसरलेले भाषांतर लुइस पेज मर्सिअर या इंग्रज पाद्र्याचे, १८७२ च्या सुमाराचे आहे. ते ‘मर्सिअर लुइस’ या नावाने छापले गेले, आणि स्वस्त आवृत्त्यांत अजूनही दिसते. त्याने मूळ मजकुराचा पाव भागाच्या आसपास मजकूर गाळला आणि उरलेल्यातही ढोबळ चुका केल्या. एक उदाहरण पुरे होईल : पोलादाची घनता पाण्याच्या ७.८ पट असते असे व्हर्नने लिहिले, ते त्याने पाण्याच्या ०.७ ते ०.८ असे केले, म्हणजे त्याची पाणबुडी बुडूच शकणार नाही. पूर्ण भाषांतर विनामूल्य हवे असेल तर फ्रेडरिक पॉल वॉल्टर यांचे १९९१ मधील भाषांतर ‘प्रोजेक्ट गुटेनबर्ग’वर आहे, त्याचे इंग्रजी मोकळे आहे आणि मोबाइलवरही ते सुखाने वाचता येते. बुचर यांच्या आवृत्तीचा विशेष म्हणजे टीपा आणि प्रस्तावना. एत्झेलशी झालेला वाद, हस्तलिखितांतले फरक आणि व्हर्नचे हिशेब कोठे चुकतात हे सगळे त्यांत मिळते. पहिल्या वाचनात टीपांकडे जाऊ नये, कारण त्या नेमोचे मौन अकाली मोडतात. किशोरांसाठीच्या संक्षिप्त आवृत्त्यांवर माझा सरसकट राग नाही, कारण त्या सव्वाशे पानांशिवाय मी या चारशे पानांपर्यंत आलोच नसतो. मात्र विकत घेण्यापूर्वी एक परीक्षा करावी : मन्नारच्या आखाताचे प्रकरण उघडावे, आणि ते शार्कच्या मरणावर संपत असेल तर पुस्तक परत ठेवावे.

माझी प्रत सध्या पुतणीकडे आहे. ती पंधरा वर्षांची आहे आणि तिचे इंग्रजी माझ्या त्या वयातल्या इंग्रजीपेक्षा पुष्कळ चांगले आहे. मासे कंटाळवाणे वाटले तर खुशाल उलट, पण काँसेय आणि नेडचे भांडण वाच, आणि दुसऱ्या भागात आरोनाक्स नेमोच्या खोलीत शिरेल तेव्हा घाई करू नकोस, एवढेच तिला सांगितले आहे. काल रात्री तिने येऊन विचारले, “काका, हा नेड लँड एवढा चिडचिडा का आहे?” पाणबुडी टॉरेसच्या खडकावर अडकली आहे, भरतीला अजून चार दिवस आहेत, असे तिच्याकडून कळले. मी उत्तर दिले नाही.